बोल्टचा पेटंट अर्ज फेटाळला: फेरविचार की अपील?

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतून, सैल न होणाऱ्या बोल्ट-वॉशरसाठी केलेला पेटंट अर्ज चेन्नई पेटंट कार्यालयाच्या कक्षेत येतो. परीक्षकाच्या अहवालावर अपील होत नाही, त्याला उत्तर द्यायचे असते. कंट्रोलरने (अर्जावर निर्णय देणारा अधिकारी) पेटंट कायद्याच्या कलम १५ खाली अर्ज फेटाळला की मग दोन वाटा उरतात.

फेरविचार, कलम ७७(१)(एफ): फॉर्म २४, निर्णय कळल्यापासून १ महिन्यात, त्याच कार्यालयात. खर्च कमी, पण उघड चूक हवी. उदाहरणार्थ, सुधारित दावे (नेमका कशावर हक्क मागितला ती कलमे) सोडून जुनेच तपासले. ‘आमचा वॉशर वेगळा आहे’ हे इथे पुन्हा मांडणे वाया जाते.

अपील, कलम ११७अ: ३ महिन्यांत, मद्रास उच्च न्यायालयात. एका जुन्या पेटंटातला दातेरी वॉशर आणि दुसऱ्यातला आटा जोडून ‘यात कल्पकता नाही’ म्हटले असेल, तर हीच वाट. ‘बोल्ट सैल होत नाही’ एवढ्यावर दावा टिकत नाही. एम१० (१० मिमी व्यासाच्या) बोल्टच्या १.५ मिमी पिचला (लगतच्या दोन आट्यांतले अंतर) आट्याचा चढकोन सुमारे ३ अंश असतो. वॉशरच्या पाचरीचा कोन त्याहून मोठा असणे जुनेच आहे. तुमची रचना त्यापुढे काय करते, हे मूळ तपशीलपत्रात (अर्जासोबत दिलेल्या शोधाच्या वर्णनात) हवे. मागाहून नवी रचना घुसवायला कलम ५९ आड येते.

फेरविचार चालू आहे म्हणून अपिलाचे ३ महिने थांबत नाहीत. चूक उघड नसेल तर सरळ अपिलाची तयारी करा.