१६१३ चं इंजिन गेलंय: स्वतःचंच बांधायचं, बाजारातलं आणायचं का कंपनीचं एक्स्चेंज?

आमच्या पाव्हण्यांचा २००४ चा टाटा १६१३ ट्रक आहे, ६९७ इंजिनवाला. ब्रीदरमधून (इंजिनच्या आतली वाफ बाहेर सोडणारी नळी) असा धूर येतो की वाटावं खाली कुणीतरी चूल पेटवलीय, दोन फेऱ्यांमागं लिटरभर ऑइल ओतायला लागतंय, आणि साखर कारखान्याचं धुराडं पेटायला दोनच महिने राहिलेत. मिस्त्री म्हणतो याच इंजिनचं काम करू, भाऊ म्हणतो मुंबईत कुर्ल्याच्या जुन्या बाजारातलं इंजिन टाक आणि मोकळा हो, एकजण म्हणाला कंपनीकडनं बदलून घे. फोनवर तासभर बोललो ते इथं लिहून ठेवतो, अजून कुणाच्या उपयोगी पडलं तर पडलं.

पहिलं म्हणजे इंजिन खरंच गेलंय का ते बघा, कारण नुसता धूर बघून इंजिन उतरवलेले लोक मी बघितलेत. टर्बोचा पाइप काढून आत बोट फिरवा, ऑइलनं चिकचिकीत असेल तर आधी टर्बोचा सील तपासा, तेवढ्यावर निभावलं तर निभावलं. धूर काळा असेल तर एअर फिल्टर, नोझल, डिझेलचा पंप, निळा असेल तर ऑइल जळतंय. सहाही सिलेंडरचं कॉम्प्रेशन मोजून घ्या, एकच कमी आलं तर बऱ्याचदा हेड उतरवून व्हॉल्व्हमध्ये भागतं, सगळेच बसलेले असतील तर मग पुढचं वाचा.

स्वतःचं इंजिन बांधणं, म्हणजे खोलून झिजलेले भाग बदलून परत जोडणं. ६९७ म्हणजे ६ सिलेंडर आणि ९७ मिलिमीटरचा बोअर, स्ट्रोक १२८, सगळं मिळून ५,६७५ सीसी. टेल्कोनं १९५४ मध्ये मर्सिडीजवाल्या डायमलर-बेंझशी करार केला त्या घराण्यातलंच हे इंजिन, आणि फायदा असा की तालुक्याच्या गावातपण याचं किट मिळतं आणि लेथवाल्याला माप पाठ असतं. लायनर-पिस्टन-रिंगा नव्या पडतात, हेडला फेस मारून व्हॉल्व्ह-सीट होतात, तिथं काही अडत नाही. अडतं ते क्रँकमध्ये, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या मुख्य दांड्यात. क्रँक स्टँडर्ड असतो, मग घासून पाव मिलिमीटर कमी, मग अर्धा, पाऊण, एक. मिस्त्री लोक त्याला इंचाच्या हजाराव्या भागात दहा-वीस-तीस-चाळीस म्हणतात. तुमचा क्रँक आज वीसवर असला तर तीस करून गाडी निघते, चाळीसवर असला आणि ओरखडे पडले असतील तर क्रँकच नवा, आणि मग हिशोबच बदलतो. म्हणून मी पाव्हण्यांना म्हटलं, कुणाला एक रुपया ॲडव्हान्स द्यायच्या आधी इंजिन खोला आणि क्रँक आणि ब्लॉक (इंजिनचा मुख्य सांगाडा) लेथवर मोजून आणा, दहा ओळींचा कागद होतो पण सगळा निर्णय त्या कागदावर आहे.

हाफ काम म्हणजे रिंगा-बेअरिंग टाकून परत बंद, हे गाडी विकायची असेल तरच. आणि फुल कामात जिथं लोक पैसे वाचवतात तिथंच मार खातात: ऑइल कूलर आणि ब्लॉकमधल्या ऑइलच्या गल्ल्या धुतल्याच नाहीत, जुन्या बेअरिंगचा चुरा नव्या बेअरिंगमध्ये गेला, झालं. पंप पण कॅलिब्रेट करून घ्या (मायकोचं नाव २००८ ला बॉश झालं तरी आमच्याकडं अजून मायको पंपच म्हणतात), नाहीतर नव्या पिस्टनवर जास्तीचं डिझेल पडून महिन्यात परत काळा धूर.

बाजारातलं सेकंडहँड इंजिन. वेळेच्या बाबतीत याच्यासारखं काही नाही, दोन-तीन दिवसांत गाडी रस्त्यावर. पण आत काय आहे ते विकणाऱ्यालापण माहीत नसतं, किंवा माहीत असतं आणि सांगत नाही. माझ्या काकानं असंच आणलं होतं, आवाज एकदम गोड, स्टँडवर चालू करून दाखवलं, तीन महिन्यांत ऑइल प्रेशर उतरलं, खोलून बघतो तर बेअरिंगच्या पाठीवर चाळीसचा शिक्का, म्हणजे क्रँकला पुढं घासायला जागाच नाही. तेव्हापासून आमचा नियम, चेंबर (खालची ऑइलची टाकी) उघडून एक बेअरिंग कॅप काढून शिक्का दाखव मगच पैसे. अजून एक, तुम्ही पोचायच्या आधी इंजिन गरम करून ठेवतात, ब्लॉकला हात लावून बघा, कोमट लागलं तर चहा पिऊन या आणि थंड झाल्यावर परत सेल्फ मारायला लावा. स्वस्त मिळतंय म्हणून नंतरच्या मॉडेलचं कॉमन रेलवालं उचलू नका, त्याचा ईसीएम (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर), वायरिंग, सेन्सर सगळं तुमच्या गाडीत कुठून आणणार.

आणि कागद. इंजिन नंबर बदलला की आधी आरटीओची मंजुरी, आणि बदलल्यावर १४ दिवसांत कळवून नवा नंबर आरसीवर चढवायचा असतो, विमा कंपनीलापण सांगायचं. बिलावर नंबर नसेल किंवा नंबरची जागा घासल्यासारखी दिसली तर इंजिन कितीही चांगलं असो, तिथनं निघायचं. स्वतःचा ब्लॉक वापरला तर ही सगळी कटकटच नाही, हा मुद्दा लोक हिशोबात धरतच नाहीत.

कंपनीचं रिकंडिशन. टाटाचं प्रोलाइफ आहे, जुनं इंजिन द्यायचं आणि तयार केलेलं घ्यायचं, वॉरंटी कागदावर मिळते, काम फॅक्टरीच्या मापानं. सेकंडहँडपेक्षा महाग. जुन्या मॉडेलचं स्टॉकला आहे का, तुमचा ब्लॉक तडकलेला निघाला तर किती पैसे कापणार, आणि येणाऱ्या इंजिनवर नंबर कुठला, हे तीन प्रश्न लेखी विचारा. कोरं इंजिन या वयाच्या गाडीला कुणी टाकू नये. ६९७ काढून कमिन्स कंपनीचं इंजिन बसवणारे पण भेटतात, पण माउंटिंग, बेल हाउसिंग, रेडिएटर करत करत जीव जातो, वर आरटीओचं वेगळंच.

आता दिवसांचं. समजा गाडीचे दिवसाला ३,००० सुटतात आणि फुल कामाला २० दिवस गेले, तर ६०,००० बसूनच गेले, ते लेथवाल्याच्या बिलात दिसत नाहीत. हंगाम चालू असता तर मी पण बाजारातलं घ्या म्हटलं असतं. अजून दोन महिने आहेत, म्हणून नाही. गाडी पंधरा वर्षांच्या पुढं गेलीय, २०२२ पासून अशा गाड्यांच्या पासिंगची फी चांगलीच वाढलीय, तेव्हा चासी आणि केबिन अजून चार-पाच हंगाम काढतील का तेपण बघा, पाट्याखालची चासी गंजली असेल तर इंजिनवर एवढा खर्चच नको.

पाव्हण्यांनी काल इंजिन खोललं. ब्लॉक साफ आहे, क्रँक वीसवर निघाला, तीस करायला टाकलाय. पंप मात्र चालतोय तर राहू दे म्हणतायत, त्यावरनं आमचं अजून वाजतंय.