शेततळं की विहीर?

तीन एकर कोरडवाहू, अर्ज कशासाठी करू, असं एका ताईंनी विचारलंय.

ताई, अनुदान आधी पाहू. वैयक्तिक शेततळ्याला आकारानुसार कमाल 75,000 रुपये मिळतात. रोजगार हमीतल्या विहिरीची मर्यादा 2022 मध्येच 4 लाख झाली, पण जॉबकार्ड लागतं आणि पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून 500 मीटरचं अंतरही.

जागा विहिरीला नगण्य लागते. 30×30×3 मीटरचं तळं बांध सोडूनच नऊ गुंठे खातं.

खरा प्रश्न पाण्याचा. बेसाल्टमध्ये, म्हणजे आपल्या काळ्या कातळात, भेगा लागल्या तर विहीर पिढ्यान्‌पिढ्या पाजते, नाही तर कोरडा खड्डा उरतो. तळ्यात काय साठेल ते आधी कळतं: भरलं तर सुमारे 22 लाख लिटर. पावसाच्या खंडात तीन एकरांना दोन संरक्षित पाणी त्यात निघतात. मात्र मुरमात प्लास्टिक अस्तराशिवाय पाणी टिकत नाही आणि उन्हाळ्यात बाष्पीभवन होतंच. अस्तर घातलंत तर कुंपण आणि दोर हवेतच. त्या निसरड्या उतारावरून मूल वर येऊ शकत नाही.

शेजारच्या विहिरींना मार्चपर्यंत पाणी असेल आणि भाजीपाला करायचा असेल, तर विहीर. त्या दिवाळीलाच आटत असतील आणि सोयाबीन-तूर वाचवायची असेल, तर शेततळं.