शेल्बी जीटी५०० घ्यावी, की मस्टँग जीटीला सुपरचार्जर बसवावा?

फोर्डने २०२० ते २०२२ या काळात विकलेली शेल्बी जीटी५०० ही मस्टँगचीच ताकदवान आवृत्ती, ७६० हॉर्सपॉवरची. २०१८ ते २०२३ मधल्या साध्या मस्टँग जीटीची ताकद ४६० (२०२२ पासून ४५०), पण तिला राउश या कंपनीचा फेज २ सुपरचार्जर, म्हणजे इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंप, बसवला की ती ७५० होते. २०२० साली अमेरिकेत जीटी साधारण ३६ हजार डॉलरपासून मिळायची, जीटी५०० साधारण ७३ हजारांपासून. सुपरचार्जरचं किट तेव्हा आठ-नऊ हजारांचं, बसवण्याची मजुरी दीड-दोन हजार. एवढं वाचून बरेच जण निर्णय घेऊन मोकळे होतात, आणि तिथेच हिशेब चुकतो. या व्यवहारात हॉर्सपॉवर सर्वांत स्वस्त मिळते. खरा खर्च होतो तो उष्णता बाहेर काढण्यावर, ब्रेकवर, ताकद चाकापर्यंत नेणाऱ्या भागांवर आणि वॉरंटीवर.

दोन्हीकडे सुपरचार्जर एकाच जातीचा आहे: ईटनचा २.६५ लिटरचा टीव्हीएस आर२६५०. फरक त्याच्याखालच्या इंजिनात आहे. जीटी५००चं ५.२ लिटरचं इंजिन दाबाखाली चालण्यासाठीच बांधलेलं. कॉम्प्रेशन रेशो (सिलिंडरमधली हवा किती पट दाबली जाते ते) ९.५:१, पिस्टन फोर्ज्ड, म्हणजे ठोकून घडवलेले. जीटीचं ५ लिटरचं कोयोटी इंजिन मुळात सुपरचार्जरशिवाय चालणारं, म्हणून कॉम्प्रेशन १२:१. इतक्या कॉम्प्रेशनवर आणखी हवा कोंबली की नॉकिंगची (इंधन आपोआप, अवेळी पेटण्याची) शक्यता वाढते, आणि ते टाळायचं तर पेट्रोल चांगलं हवं. किटचा ७५०चा आकडा ९३ ऑक्टेनच्या पेट्रोलवरचा आहे (ऑक्टेन जास्त, तितकी नॉकिंगची शक्यता कमी). कॅलिफोर्नियात पंपावर बहुधा ९१च मिळतं. तिथे नॉक सेन्सरने धोका ओळखला की ईसीयू (इंजिनचा संगणक) इग्निशन टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ, मागे घेतो आणि ताकद कमी होते. बे एरियातल्या (सॅन फ्रान्सिस्को परिसरातल्या) मंडळींनी पूर्ण ७५० मिळतील हे गृहीत धरू नये. शिवाय त्या राज्यात किटला तुमच्या मॉडेल वर्षासाठी एअर रिसोर्सेस बोर्डाचा ईओ क्रमांक (एक्झिक्युटिव्ह ऑर्डर, म्हणजे वापराची मंजुरी) आहे का, हे पैसे भरण्याआधी पाहा आणि त्याचं स्टिकर बॉनेटखाली लावून घ्या. ते नसेल तर स्मॉग तपासणीत गाडी अडते.

किट बसवण्याचं काम जाणकार गॅरेजमध्ये दोन-तीन दिवसांचं. मूळ इनटेक मॅनिफोल्ड काढून त्या जागी सुपरचार्जर आणि दाबलेली हवा थंड करणारा इंटरकूलर बसतो, रेडिएटरपुढे इंटरकूलरचं पाणी थंड करणारा हीट एक्स्चेंजर येतो, इंजेक्टर बदलतात, ईसीयूत नवं ट्यून (सॉफ्टवेअर) जातं. काम बिघडतं ते बहुधा छोट्या गोष्टींत. इंटरकूलरच्या पाण्यात हवा अडकून राहिली तर इनटेकची हवा गरमच राहते आणि गाडी पहिल्या दिवसापासून मंद वाटते. कूलंट व्हॅक्यूमने भरून घ्या. स्पार्क प्लगची फट किटच्या सूचनेप्रमाणेच हवी. ती मोठी राहिली तर दाबाखाली ठिणगी विझते आणि पूर्ण थ्रॉटलला मिसफायर होतो. ऑइल सेपरेटरही जरूर लावा. ऑइलची वाफ इनटेकमध्ये गेली की नॉकिंगला आमंत्रणच मिळतं.

कोयोटीची ओळखीची दुखरी जागा म्हणजे ऑइल पंपाचे गिअर. ते दाबून भाजलेल्या धातूच्या भुकटीचे असतात. इंजिन रेव्ह लिमिटरवर आपटत राहिलं, किंवा टायर घसरता घसरता अचानक पकड मिळाली, की क्रँकला बसणारे झटके या गिअरपर्यंत पोहोचतात आणि ते तडकतात. ऑइलचा दाब क्षणात शून्य होतो, आणि मग बेअरिंग वाचत नाहीत. उपाय म्हणजे बिलेट स्टीलचे गिअर आणि सोबत क्रँकचं स्प्रॉकेट. सुटे भाग काहीशे डॉलरचे, पण टायमिंग कव्हर उघडावं लागत असल्याने मजुरी भारी. मॅन्युअल गाडी असेल आणि ड्रॅग स्ट्रिपवर (सरळ रेषेतल्या शर्यतीच्या पट्टीवर) न्यायची असेल तर हे काम सुपरचार्जरसोबतच करून घ्या. ऑटोमॅटिक गाडी रस्त्यावरच चालणार असेल तर कारखान्यातून सीलबंद आलेलं इंजिन उघडू नये असं माझं मत आहे.

गिअरबॉक्सबद्दलही हेच. जीटीचा एमटी-८२ मॅन्युअल या टॉर्कला पुरत नाही. घाईने गिअर टाकले की सिंक्रो आणि शिफ्ट फोर्क (गिअर बदलणारे आतले भाग) आधी जातात. क्लच तर बदलावाच लागतो. मॅन्युअलचाच आग्रह असेल तर ट्रेमेकचा मॅग्नम एक्सएल हा खात्रीचा पर्याय, पण तो काही हजार डॉलर आणखी मागतो. दहा गिअरचा ऑटोमॅटिक या ताकदीला जास्त चांगला पुरतो. जीटी५००मध्ये मॅन्युअल नाहीच. सात गिअरचा ट्रेमेक ड्युअल क्लच आहे, तो १०० मिलिसेकंदांच्या आत गिअर बदलतो आणि पुढे कार्बन फायबरचा ड्राइव्हशाफ्ट आहे. क्लच पेडल ज्यांना हवंच आहे त्यांच्यासाठी प्रश्न इथेच सुटतो: जीटीच घ्या.

आता सर्किटचा विचार. ताशी १०० मैलांऐवजी १२० मैलांवरून थांबायचं असेल तर ब्रेकना ४४ टक्के जास्त ऊर्जा पचवावी लागते. जीटी५००ला पुढे ४२० मिलिमीटरच्या डिस्क आहेत, मागे ३१५ रुंदीचे टायर. बॉनेटवरची हवेची जाळी ३१ बाय २८ इंचांची. ट्रॅकवर जाताना तिच्याखालचा पावसाचा ट्रे काढून ठेवायचा असतो. रेडिएटर-कूलर मिळून सहा हीट एक्स्चेंजर. किट लावलेल्या जीटीवर काही फेऱ्यांतच इंटरकूलरचं पाणी तापतं, टायमिंग मागे जातं, आणि सरळ रस्त्यावर मिळालेली ताकद तिथे टिकत नाही. मोठा हीट एक्स्चेंजर, ऑइल कूलर, ब्रेक, टायर, डँपर असं सगळं जोडत गेलं की दोन गाड्यांच्या किमतीतलं अंतर झपाट्याने मिटतं, आणि एवढं करूनही सगळे भाग एकमेकांशी जुळतीलच असं नाही. फोर्डच्या इंजिनिअरांनी नेमका तोच मेळ बसवून दिलेला आहे. सर्किटवर नियमित जाणाऱ्याने जीटी५००च घ्यावी, यात मला शंका नाही.

रस्ता आणि अधूनमधून ड्रॅग स्ट्रिप एवढंच असेल तर मात्र परफॉर्मन्स पॅकेज असलेली ऑटोमॅटिक जीटी आणि राउशचं किट ही जोडी मला जास्त पटते. पॅकेज नक्की असलेलीच गाडी शोधा: पुढे ३८० मिलिमीटरच्या डिस्क, सहा पिस्टनचे ब्रेम्बो ब्रेक, टॉर्सन डिफरन्शियल (मागच्या दोन चाकांत ताकद वाटणारं), मोठा रेडिएटर. हे सगळं नंतर सुटं घेणं परवडत नाही. बाकी खर्च मागच्या चांगल्या टायरांवर करा. जीटी५००पेक्षा ही गाडी हलकी राहते, हा फायदा रोज जाणवतो.

वॉरंटीसाठी किट फोर्ड डीलरकडून किंवा एएसई (मेकॅनिकांना प्रमाणपत्र देणारी अमेरिकी संस्था) प्रमाणित मेकॅनिककडूनच बसवा. तसं केलं तर राउश ३ वर्षं किंवा ३६ हजार मैलांची पॉवरट्रेन वॉरंटी देतं. ट्यून बदलला, सुपरचार्जरची पुली लहान केली, तर ती विसरा. ऑइल पंपाचे गिअर बदलायचे असतील तर वॉरंटीचं काय होईल हे आधी लेखी विचारा. विमा कंपनीला किटची माहिती द्या आणि त्याची किंमत पॉलिसीत नोंदवून घ्या, नाहीतर अपघातानंतर भरपाई साध्या जीटीचीच मिळते. विकताना किटचे पैसे फारसे वसूल होत नाहीत.

म्हणूनच कुणीतरी आधीच किट बसवलेली जुनी जीटी स्वस्तात दिसते. घेण्याआधी बसवल्याचं बिल आणि डायनोचा (चाकावरची ताकद मोजणाऱ्या यंत्राचा) आलेख मागा. चाकावरचा आकडा इंजिनच्या आकड्यापेक्षा १२ ते १५ टक्के कमी असणं स्वाभाविक आहे. ओबीडी स्कॅनर (गाडीच्या संगणकाला जोडायचं तपासणी यंत्र) लावून रेडिनेस मॉनिटर, म्हणजे गाडी स्वतःच्या करत असलेल्या तपासण्या, पूर्ण आहेत का ते बघा. नुकतेच पुसलेले असतील तर काहीतरी लपवलेलं आहे असं समजून चाला. आणि सौदा होण्याआधी स्पार्क प्लग काढून सिरॅमिकवर ॲल्युमिनियमचे बारीक चकाकते ठिपके आहेत का ते तपासून घ्या. ते दिसले तर नॉकिंगने पिस्टन झिजायला लागलेला आहे. ती गाडी कितीही स्वस्त असली तरी घेऊ नका.