क्रूझर बाइकचे मागचे शॉकअप बदलून आठ महिने: सोलापूरच्या रस्त्यांवरचा अनुभव

आठ महिने आणि ९,४०० किलोमीटर झाले. ऑक्टोबरमध्ये बसवलेल्या शॉकअपनी ऊस वाहतुकीचा हंगाम, जानेवारीतली गड्डा यात्रेची गर्दी आणि एप्रिल-मेचं सोलापुरी ऊन पाहिलं. सलग पावसाळा अजून बाकी आहे, पण अवकाळीत काळ्या चिखलातून दोनदा गाडी गेली, तेवढ्यापुरता अंदाज आला आहे.

गाडी ३५० सीसीची क्रूझर, मागे दोन्ही बाजूंना एकेक शॉक, वजन १९० किलोच्या घरात. चालवणारा हेल्मेट-जॅकेट धरून ८२ किलो, मागचं माणूस ६० किलो, आणि निम्म्याहून जास्त प्रवास डबलसीट. हे आकडे आधी देतोय, कारण वजन न सांगता दिलेला शॉकअपचा अनुभव दुसऱ्याच्या काही कामाचा नसतो. जावा पेराक किंवा ४२ बॉबर असेल तर मागे मोनोशॉक, म्हणजे एकच शॉक आहे, त्यामुळे खालचा बसवण्याचा भाग लागू होणार नाही. सॅग (वजनाने गाडी बसणं) आणि रिबाउंडचा (दबलेल्या शॉकचं उसळून परत येणं) भाग मात्र तसाच लागू आहे.

डबलसीट फिरणाऱ्याला हा खर्च वसूल होतो. एकट्याने फक्त शहरात फिरणाऱ्याने आधी टायरमधली हवा मॅन्युअलमधल्या आकड्यावर आणावी आणि मूळ शॉकचा प्रीलोड (स्प्रिंगला आधीच दिलेला दाब) एक टप्पा इकडे-तिकडे करून महिनाभर बघावं. पंक्चरवाल्याकडे सवयीने चाळीस-चाळीस भरून घेतलेली हवा हे सात रस्ता ते आसरा चौक या पट्ट्यातल्या बारीक गचक्यांचं सगळ्यात मोठं कारण असतं. तो दोष शॉकअप बदलून जात नाही.

क्रूझरला मागचा शॉक इतका का टोचतो? सीट खाली ठेवायची म्हणून मागच्या चाकाला वर-खाली व्हायला जागा कमी मिळते. पाय पुढे टाकून ताठ बसल्यामुळे अंगाचं वजन मागे जातं, आणि खड्डा दिसला तरी फूटपेगवर उभं राहून हादरा पायांवर घेता येत नाही. जो दणका शॉकने खाल्ला नाही तो थेट माकडहाडापासून कमरेत चढतो. त्यात कंपनीची स्प्रिंग एकटा आणि डबलसीट अशा दोन्हींना चालावी अशी मधली असते. मीटिअर ३५०सारख्या गाडीत प्रीलोडचे ६ टप्पे असतात, पण टप्पा वाढवल्याने स्प्रिंग कडक होत नाही. गाडी मागून उचलली जाते, एवढंच. स्प्रिंगचा जोर आहे तोच राहतो. शॉकअप घेताना सर्वांत जास्त पैसे याच गैरसमजापायी वाया जातात.

म्हणून दुकानात पहिला प्रश्न रंगाचा किंवा मागे गॅसचा डबा असलेल्या मॉडेलचा नको, स्प्रिंग किती वजनाच्या माणसांसाठी आहे हा हवा. आमच्या जोडीत प्रत्येक बाजूला २४ न्यूटन प्रति मिमीची स्प्रिंग आहे, अंगातच गॅसचा वेगळा कप्पा आणि मधे सरकता पिस्टन आहे, रिबाउंड कमी-जास्त करायच्या खटक्याला ३० टिचक्या (टप्पे) आणि प्रीलोडला आट्यांची रिंग आहे. या वर्गातली जोडी साधारण १० ते २० हजारांत येते. त्याखालचे नुसते दिसायला भारी शॉक घेण्यापेक्षा मूळचे बरे.

लांबी मूळ शॉकइतकीच घेतली आणि तेच योग्य ठरलं. माप घेताना गाडी डबल स्टँडवर, चाक लटकतं, शॉकच्या वरच्या डोळ्याच्या (बोल्ट जातो त्या भोकाच्या) मध्यापासून खालच्या डोळ्याच्या मध्यापर्यंत. पंधरा-वीस मिमी लांब शॉक लावला की मागचं ढुंगण वर जातं, साइड स्टँडवर गाडी जास्त कलते आणि भरल्या टाकीने उलटायची भीती राहते. डबल स्टँडवर चाक जमिनीला टेकायला लागतं आणि चेनचा ढिलेपणा बदलतो.

बसवण्याचं काम दीड तासाचं आहे, पण घाई केली तर पुढे महिनाभर टकटक ऐकावी लागते. गाडी डबल स्टँडवर घ्या. मागच्या चाकाखाली लाकडी फळ्या एकावर एक सारून चाक किंचित उचला. शॉकवरचा ताण गेला की बोल्ट बोटाने फिरतो, आणि तो तसा फिरेपर्यंत फळ्या कमी-जास्त करत राहायच्या. हातोडीने बोल्ट ठोकून काढायची वेळ आली तर उंची चुकली आहे, असं समजावं. एका वेळी एकच बाजू सोडायची. दोन्ही शॉक एकदम काढले तर चिमटा (मागचं चाक धरणारा स्विंगआर्म) खाली पडतो आणि ब्रेकचा पाइप ताणला जातो. चिमट्यावर जुना टेरी टॉवेल गुंडाळला की पाना घसरला तरी रंग जात नाही; सोलापुरात त्याला तोटा नाही. सायलेन्सरच्या बाजूला सॉकेटला जागा अपुरी पडत असेल तर सायलेन्सरचा मागचा बोल्ट सैल करून तो दोन बोटं बाहेर घ्या, पाना तिरका घालून नटाचे कोपरे खाऊ नका.

सगळ्यात जास्त चुका बुशमध्ये होतात. शॉकच्या डोळ्यात रबर आणि रबरात धातूची नळी असते. या नळीचं आतलं माप गाडीच्या पिनेशी तंतोतंत जुळायला हवं. अर्धा मिमी जरी मोकळं राहिलं तरी आठ दिवसांत टकटक सुरू होते आणि पिनेवर खाच पडते. व्हर्नियर कॅलिपरने दोन्ही मोजा. किटमधली नळी बसत नसेल तर अक्कलकोट रोड एमआयडीसीत लेथवर नळी करून मिळते; पातळ पत्रा गुंडाळून जागा भरण्याचा उपाय करू देऊ नका. दुसरं, नळीची लांबी रबरापेक्षा किंचित जास्त असलीच पाहिजे. नट आवळला की वायसरने नळीला दाबायचं असतं, रबराला नाही. रबर आवळलं गेलं तर शॉक मोकळा फिरत नाही, आणि नवे शॉक कडक आहेत अशी तक्रार सुरू होते.

नट शेवटचे आवळायचे ते गाडी खाली घेऊन, दोन्ही चाकांवर वजन आल्यावर. लटकत्या अवस्थेत आवळले तर बसल्यावर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. टॉर्क गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलप्रमाणे, बोल्टच्या आट्यांवर निळ्या लॉकटाइटचा (नट सैल होऊ न देणारा गोंद) एक थेंब. १०० किलोमीटरनंतर चारही नट पुन्हा तपासा. आमच्याकडे खालचा डावा नट पाव आटा सैल सापडला.

आता सॅग, म्हणजे वजनाने गाडी मागून किती बसते ते. हे मोजल्याशिवाय शॉक बसवून दिला असेल तर काम अर्धंच झालं आहे. तीन मापं लागतात: चाक लटकतं असताना, गाडी फक्त स्वतःच्या वजनावर असताना, आणि चालवणारा पूर्ण तयारीत बसलेला असताना. मागच्या एक्सलच्या मध्यापासून सरळ वर मडगार्डवर चिकटपट्टीची खूण करा आणि दर वेळी त्याच दोन बिंदूंत टेप धरा. शेवटच्या मापाला गाडी धरायला एक आणि टेप धरायला एक, अशी दोन माणसं हवीत. एकदा मागून दाबून हळू सोडून माप घ्यायचं, एकदा उचलून हळू सोडून, आणि दोन्हींची सरासरी धरायची. दोन्ही मापांत ५ मिमीपेक्षा जास्त फरक आला तर कुठेतरी बुश आवळलं गेलं आहे.

चालवणाऱ्यासह सॅग चाकाच्या एकूण हालचालीच्या २५ ते ३० टक्क्यांच्या आसपास ठेवतात. मूळ शॉकवर दुसऱ्या टप्प्याला एकट्याने ३८ मिमी आणि डबलसीट ५६ मिमी भरला होता, म्हणजे अर्धी जागा खड्डा यायच्या आतच संपलेली. नव्यावर एकट्याने २८, डबलसीट ४०. रिंग ६ मिमी खाली फिरवल्यावर डबलसीट ३३. रिंग फिरवताना दोन्ही बाजूंचे उघडे आटे व्हर्नियरने सारखे करा, एक मिमीचाही फरक ठेवू नका. फिरवण्याआधी आट्यातली धूळ दात घासायच्या जुन्या ब्रशने काढायची. एक वाळूचा कण अडकला की अॅल्युमिनियमची रिंग जागीच चावते आणि मग सी-पाना घसरून बोटं सोलतात.

रिबाउंड म्हणजे दाबलेली स्प्रिंग उसळून परत येताना तिला आवरणं. पूर्ण बंद करून मग टिचक्या मोजत उघडायचं, मोजणी कायम बंद टोकापासून. सीट मागून जोरात दाबून सोडली की गाडी एकदा वर येऊन थांबली पाहिजे. दोनदा डुलली तर रिबाउंड कमी आहे. उलट फार आवळला तर लागोपाठच्या खड्ड्यांत शॉक पूर्ण उघडायच्या आत पुढचा दणका येतो, दर वेळी तो आणखी खाली जातो आणि शेवटी ठोकतो. तेव्हा माणसाला वाटतं स्प्रिंग मऊ आहे, मग तो प्रीलोड वाढवतो, आणि त्रास दुप्पट होतो. उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी उखडलेल्या रस्त्यावर हे हमखास घडतं. तिथे रिबाउंड दोन टिचक्या मोकळा केला आणि गाडी सुधारली, प्रीलोडला हातही लावला नाही.

आपल्या भागात खरा कस लाटांवर लागतो. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते आणि वरचा डांबरी रस्ता तिच्याबरोबर वर-खाली होतो. मंगळवेढा आणि दक्षिण सोलापूरकडच्या आतल्या रस्त्यांना खड्डा नसला तरी लाट असते. मूळ शॉकवर ताशी ६० ला अशा लाटेवर डबलसीट गाडी दोन-तीनदा झुलायची. आता एका झुल्यात बसते. महामार्गावर लांबोटीच्या अलीकडे-पलीकडे पुलांच्या जोडांवर मागच्या माणसाला बसणारा धक्का कमी झाला. तुळजापूरच्या घाटात वळणावर डबलसीट असताना मागचा भाग आधी खचायचा आणि गाडी वळणातून बाहेर पळायला बघायची, ते थांबलं. बारीक खडीच्या, विस्कटलेल्या डांबरावर मात्र फरक थोडाच. सुरुवातीचे ५०० किलोमीटर तर तिथे नवे शॉक जुन्यांपेक्षा कडकच लागतात, सील आणि बुश रुळेपर्यंत.

शॉक किती दबतो हे बघायला शॉकच्या आत-बाहेर सरकणाऱ्या दांड्यावर एक बारीक झिप टाय हलकेच अडकवून ठेवला आहे. प्रवासानंतर तो जिथे सरकला असेल तिथपर्यंत शॉक दबलेला असतो. तुळजापूरहून डबलसीट परत आल्यावर धुळीने माखलेल्या दांड्यावर टायच्या वरचा भाग चकचकीत आणि टाय खालच्या रबरी बंपपासून ४ मिमीवर, हे या जोडीचं खरं प्रमाणपत्र: बहुतेक जागा वापरली आणि तळ गाठला नाही.

उन्हाचा परिणाम ठळक आहे. तेल तापलं की पातळ होतं आणि शॉकची पकड ढिली पडते. ज्या शॉकमध्ये तेल आणि वायू एकाच कप्प्यात असतात त्यात फेसही होतो, आणि फेसातून पिस्टन अडवल्याशिवाय सरकतो. मूळ शॉकवर मे महिन्याच्या दुपारी ५०-६० किलोमीटरनंतर हे डुलणं स्पष्ट जाणवायचं. नव्यात गॅस वेगळा आहे म्हणून फेस नाही, पण तेल पातळ होतंच. चाळिशीपार उन्हात रिबाउंड दोन टिचक्या आवळावा लागतो, आणि डिसेंबरच्या पहाटे तेवढाच सोडावा लागतो.

बिघाड एक झाला. पाचव्या महिन्यात उजव्या शॉकच्या दांड्यावर तेलाची ओल आली. बोट फिरवलं की काळसर चिकट थर. विक्रेत्याने वॉरंटीत सील बदलून दिलं, पण जोडी पाठवून परत यायला तीन आठवडे गेले. त्या काळात मूळ शॉक कामी आले, म्हणून ते भंगारात देऊ नका. तेल पुसून, उभे करून ठेवा. कारण बहुधा चिखलच. काळी माती दांड्यावर वाळली की दगडासारखी होते आणि पुढच्या दणक्याला सीलच्या ओठात घासत जाते. चिखलातून आल्यावर त्याच दिवशी ओल्या फडक्याने दांडा पुसायचा, वाळू द्यायचा नाही. वॉशिंग सेंटरवर जेटचा फवारा सीलवर मारू द्यायचा नाही. दांड्यावर ग्रीस लावण्याचा सल्ला मिळेल, तोही ऐकू नका, त्याला धूळ चिकटते. आणि गॅसच्या व्हॉल्व्हचं टोपण उघडून हवा तपासायला कुणाला देऊ नका: आत दाबाखाली कोरडा नायट्रोजन असतो, पंक्चरवाल्याचा गेज लावला की आहे तोही निसटतो.

रिबाउंडचा खटका महिन्यातून एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून परत जागेवर आणावा, नाहीतर तो धुळीने जाम होतो. गाडी वॉरंटीत असेल तर सर्व्हिस सेंटरला आधी विचारा आणि विमा कंपनीला बदल कळवून ठेवा.

सध्याची सेटिंग, बंद टोकापासून मोजलेली: एकट्याने शहरात रिबाउंड १४ टिचक्या, सॅग २८ मिमी. डबलसीट महामार्गावर रिंग ६ मिमी खाली, रिबाउंड ११. दुपारच्या उन्हात डबलसीट ९. पहिल्या पावसानंतर सील पुन्हा बघायचं आहे, उजव्या बाजूचं आधी.