मसाल्याच्या गोदामात फोडणीची अडचण

लंडनच्या टॉवर ब्रिजच्या दक्षिण टोकाला उतरून पूर्वेकडे वळले की शॅड थेम्स ही अरुंद, दगडी फरसबंदीची गल्ली लागते. दोन्ही बाजूंना विटांची उंच गोदामे आहेत आणि त्यांना जोडणारे लोखंडी पूल आजही डोक्यावर आडवेतिडवे दिसतात. नदीकाठच्या गोदामात उतरवलेला माल याच पुलांवरून मागच्या गोदामांत ढकलत नेला जाई. या भागातील एका जुन्या गोदामाच्या तिसऱ्या मजल्यावरचे, नदीकडे तोंड असलेले दोन बेडरूमचे घर विक्रीला निघाल्याचे कळल्यावर आम्ही दोघे ते दोनदा पाहून आलो, एकदा भरतीला आणि एकदा ओहोटीला. इमारतीचे आणि एजंटाचे नाव येथे देत नाही.

शेजारचे बटलर्स वॉर्फ हे गोदामांचे संकुल १८७१ ते १८७३ या काळात बांधले गेले, म्हणजे ते १८९४ मध्ये खुल्या झालेल्या टॉवर ब्रिजपेक्षा दोन दशकांनी जुने आहे. चहा, कॉफी, साखर आणि मसाले जहाजांतून थेट येथे उतरत. पुढे कंटेनरची मोठी जहाजे आली, ती नदीत एवढ्या आत येईनात, आणि १९७२ मध्ये बटलर्स वॉर्फचा व्यवहार थांबला. १९८० च्या दशकात ब्रिटिश डिझायनर टेरेन्स कॉनरन यांच्या पुढाकाराने त्याचे रूपांतर सुरू झाले. आसपासच्या इमारतींची नावे आजही दालचिनी, वेलदोडा आणि केशर अशीच आहेत. गिरणगावात भोंगा गेला आणि बहुतेक ठिकाणी भिंतीही गेल्या; येथे भिंती तरी राहिल्या, हे पाहून मुंबईकराला थोडा हेवा वाटतोच.

या घराचे सगळे गुण आणि जवळजवळ सगळे दोष एकाच गोष्टीतून येतात: ते माणसांसाठी नव्हे, मालासाठी बांधलेले आहे. आमच्या टेपने छत साडेदहा फूट भरले. बाहेरच्या भिंतीची जाडी एवढी की खिडकीच्या कोनाड्यात मांडी घालून बसता येते. दिवाणखान्याच्या मधोमध बिडाचा खांब आहे. त्यावर पांढऱ्या रंगाचे इतके थर चढले आहेत की त्याच्या कडा गोल झाल्या आहेत, आणि जूनमध्येही तो हाताला गार लागतो. यारीने पोती वर ओढून ज्या दारातून आत घेत, तेथे आता काचेचे दार आणि जेमतेम दोन खुर्च्या मावतील एवढा सज्जा आहे. सकाळी चहा घ्यायला याहून चांगली जागा मी लंडनमध्ये पाहिलेली नाही.

मात्र पोत्यांना उजेड लागत नाही. नदीकडच्या खिडकीपासून मागच्या भिंतीपर्यंत मी सतरा पावले मोजली आणि दहाव्या पावलालाच दिवा लावावा लागला. दुसऱ्या बेडरूमला बाहेर उघडणारी खिडकीच नाही. दिवाणखान्याच्या बाजूच्या काचेतून जो काय उजेड झिरपेल तेवढाच. जाहिरातीत तिला बेडरूम म्हटले आहे, मी तिला कोठीची खोली म्हणेन.

स्वयंपाकघराची तऱ्हा तर आणखी मजेशीर. ते दिवाणखान्याला उघडे आहे आणि चिमणी धूर बाहेर टाकत नाही, कोळशाच्या फिल्टरमधून फिरवून तीच हवा परत खोलीत सोडते. बाहेरच्या भिंतीला भोक पाडून नळी काढावी म्हटले, तर इमारत ग्रेड दोनच्या वारसा यादीत आहे. तिच्या स्वरूपावर परिणाम करणारा बदल परवानगीशिवाय करणे हा इंग्लंडमध्ये फौजदारी गुन्हा ठरतो. भिंतींना अजून मसाल्याचा वास येतो, असे एजंटाने आम्हाला दोनदा सांगितले, पण मला फक्त ताज्या रंगाचा वास आला. हिंग-मोहरीची एक फोडणी पडली की त्याचे म्हणणे खरे होईल आणि सोफ्याच्या कापडात आठवडाभर टिकेल. खिडक्यांनाही हाच नियम लागू आहे: जुनी लोखंडी चौकट, एकेरी काच, आणि थंडी अडवायला आतून बसवलेले दुसरे तावदान.

येथे थेम्सचे पाणी दिवसातून दोनदा जवळजवळ सात मीटर चढते-उतरते. भरतीला लाटा भिंतीवर आपटतात आणि छतावर प्रकाश हलत राहतो; ओहोटीला खाली गोटे, चिखल आणि कुजट दर्प उरतो. जाहिरातीतील छायाचित्रे अर्थातच भरतीची आहेत. पर्यटकांच्या बॅगांची चाके दगडी फरशीवर खडखडतात, तो आवाज तिसऱ्या मजल्यापर्यंत स्पष्ट येतो.

आता पैशाचे. १० लाख पौंडांचे घर धरले, तर एप्रिल २०२५ पासूनच्या दरांनी मुद्रांक शुल्क ४३,७५० पौंड होते. आधीचे घर, मग ते पुण्यातले का असेना, नावावर ठेवून हे दुसरे घेतले, तर साधारणपणे आणखी ५०,००० पौंड भरावे लागतात. शिवाय हे घर मालकीचे नव्हे, दीर्घ मुदतीच्या पट्ट्याचे (लीजचे) आहे. पट्ट्याची उरलेली मुदत ८० वर्षांच्या खाली गेली की ती वाढवून घेण्याचा खर्च एकदम चढतो, म्हणून पहिला प्रश्न तोच विचारावा. दुसरा प्रश्न देखभाल खर्चाचा. दीडशे वर्षांच्या विटा, छप्पर आणि नदीकडची भिंत यांची दुरुस्ती रहिवाशांच्याच खिशातून होते, आणि एखाद्या कामात कोणाचाही वाटा २५० पौंडांपेक्षा जास्त होणार असेल तर कायद्याप्रमाणे त्यांना आधी नोटीस द्यावी लागते. अशी नोटीस निघाली आहे का, या प्रश्नाला एजंटाने ‘नेहमीची किरकोळ कामे’ असे उत्तर दिले. तीन वेळा मागितल्यावर कागद आले, त्यात छपराच्या मोठ्या दुरुस्तीची नोटीस होती. इमारतीपेक्षा मला या लपवाछपवीचा राग जास्त आला.

दोघेच राहणारे, बाहेर जेवणारे आणि नदीवर जीव असणारे असाल, तर हे घर जरूर पाहावे; मात्र ओहोटीची वेळ साधून जावे आणि सोलिसिटरने, म्हणजे खरेदीचे कागद पाहणाऱ्या वकिलाने, नोटिशी वाचल्याशिवाय आकडा बोलू नये. आम्ही प्रस्ताव दिला नाही. याच गल्लीत वर्षभरासाठी भाड्याचे घर शोधतो आहोत, स्वयंपाकघराला खिडकी असलेले.