हायगेट की डलिच?

लंडनने गिळलेली ही दोन जुनी गावं, एक उत्तरेला टेकडीवर, दुसरं दक्षिणेला सपाटीवर. दोन्हीकडे टोलनाका होता. हायगेटचं तर नावच लंडनच्या बिशपच्या नाक्यावरून पडलं, पण तो कधीच गेला. डलिचच्या कॉलेज रोडवरचा नाका मात्र आजही गाड्यांकडून पैसे घेतो. पायी जाणाऱ्याला फुकट!

डलिच घडवलं एका नटाने. एडवर्ड अ‍ॅलनने 1619 मध्ये तिथे डलिच कॉलेज स्थापलं, आणि त्या संस्थेच्या जमिनींमुळेच गावाचा हिरवा, ऐसपैस तोंडवळा टिकला. जॉन सोनने बांधलेली चित्रदालनाची इमारत 1817 मध्ये लोकांसाठी उघडली. तिथलं रेम्ब्रांटचं एक चिमुकलं व्यक्तिचित्र 1966 पासून चार वेळा चोरीला गेलं आणि चारही वेळा परत आलं.

हायगेटला चढ आहे, गुडघे जपा. 1884 मध्ये याच चढावर केबलने ओढलेली ट्राम धावली, ती युरोपातली पहिली. 1839 च्या दफनभूमीत कार्ल मार्क्सची कबर पाहायला जगभरचे लोक येतात. मराठी माणसाने मात्र आधी क्रॉमवेल अ‍ॅव्हेन्यू गाठावा. 65 क्रमांकाचं घर म्हणजे श्यामजी कृष्ण वर्मांचं 1905 चं इंडिया हाऊस, जिथे सावरकर राहिले. बाहेर फलक आहे.

लहान मुलं, चित्रं, बाग असा बेत असेल तर डलिच. मी एकटा असेन तर हायगेट.