हायडेलबर्गची पायी सहल: जुनं शहर उत्तम, किल्ल्याला मात्र वेळ अपुरा

जर्मनीतल्या हायडेलबर्गची गाइडसोबतची ही अडीच तासांची फेरी उनिव्हर्सिटेट्सप्लाट्झ या चौकात सुरू होते, हे चांगलं आहे. बिस्मार्कप्लाट्झ चौकातून निघणाऱ्या फेऱ्यांचा सुरुवातीचा बराच वेळ हाउप्टश्ट्रासे या मुख्य रस्त्यावरच्या कपड्यांच्या दुकानांसमोरून चालण्यात जातो. मुख्य रेल्वे स्टेशन जुन्या शहरापासून बरंच लांब आहे, तेव्हा तिथून चालत येण्यात पाय दमवू नका, बस घ्या.

१३८६ साली स्थापन झालेलं विद्यापीठ आणि त्यामागची विद्यार्थ्यांची कोठडी बाहेरूनच दाखवतात. कोठडीच्या भिंती कैदी विद्यार्थ्यांनी चित्रांनी आणि नावांनी भरून टाकल्या आहेत. ती नंतर वेगळं तिकीट काढून जरूर पाहा.

गाइडचं खरं काम दिसतं ते हायलिगगाइस्ट चर्चमध्ये. इथल्या सज्जांवर एके काळी 'बिब्लिओटेका पालाटिना' हा मोठा ग्रंथसंग्रह होता. १६२२ मध्ये शहर शत्रूच्या हाती पडल्यावर तो रोमला गेला. पुढे १७०६ मध्ये कॅथलिक आणि प्रोटेस्टंट यांच्यासाठी चर्चमध्ये मधोमध भिंत घातली गेली, ती थेट १९३६ मध्ये निघाली. हे कुणी सांगितलं नाही तर चर्च नुसतंच मोठं आणि रिकामं वाटतं. समोरची १५९२ ची 'हाउस त्सुम रिटर' ही इमारत १६९३ च्या आगीतून वाचली. तिच्या दर्शनी भागावरचं कोरीवकाम नीट पाहायचं तर चर्चच्या बाजूला उभं राहावं. पुलाजवळच्या माकडाच्या ब्राँझच्या पुतळ्यापाशी गर्दी असते, तिथे फार रेंगाळू नका.

किल्ल्यावर जायला कोर्नमार्क्ट चौकातून दोन मार्ग: बेर्गबान ही फ्युनिक्युलर रेल्वे किंवा चढण. चढणीच्या पायऱ्या तीनशेच्या वर आहेत, दुसरी वाट दगडगोट्यांची आणि पावसात निसरडी. गुळगुळीत तळाचे बूट इथे नकोत. किल्ल्याच्या तिकिटात बेर्गबानचं जाणं-येणं धरलेलं असतं, पण फक्त 'श्लॉस' स्टेशनपर्यंत. वर मोल्केनकुर किंवा क्योनिगश्टूल या पुढच्या स्टेशनांना जायचं तर वेगळं तिकीट लागतं, आणि नेमकी इथेच लोकांची फसगत होते.

किल्ल्यासाठी या फेरीत जेमतेम पाऊण तास उरतो, आणि तोही मुख्यतः वाइनच्या अजस्र पिंपापाशी संपतो. १७५१ चं ते पिंप सुमारे २,२०,००० लिटरचं आहे. वर चढून उतरायला रांग लागते. त्यापेक्षा अंगणात थांबणं जास्त मोलाचं. पूर्वेकडचा ओटहाइनरिशबाऊ हा महाल आज छपराविना उभा आहे, नुसता दर्शनी भाग. त्यावर दुपारनंतर ऊन येतं आणि लाल वालुकाश्म उजळतो. म्हणून दुपारची फेरी निवडा. शेजारच्या फ्रीडरिशबाऊ या महालावर राजघराण्यातल्या १६ पुरुषांचे पुतळे ओळीने उभे आहेत, पण त्या प्रतिकृती आहेत. मूळ पुतळे आतल्या वेगळ्या मार्गदर्शित फेरीत दिसतात, साध्या तिकिटात नाही.

गाइड १६८९ आणि १६९३ चा फ्रेंच विध्वंस रंगवून सांगतात, पण तेवढ्यावर थांबतात. १७६४ मध्ये वीज पडून आग लागली, आणि दुरुस्त होत आलेला किल्ला पुन्हा उभारायचं राहून गेलं, हा भाग सहसा गळतो. पुढे उरलेले दगड लोक घरांसाठी नेत होते. ते थांबवायला झटला तो शार्ल द ग्रेमबेर्ग, तोही फ्रेंचच. अवशेष आज दिसतात ते यामुळे, तेव्हा हे गाइडला आवर्जून विचारा.

पाऊण तासात न होणारी आणखी एक जागा म्हणजे फुटलेला बुरूज. सुरुंगाने उडवल्यावर त्याच्या भिंतीचा जाडजूड तुकडा तुटून तसाच खंदकात टेकला आहे. तो पूर्वेच्या बाजूने, बागेतून दिसतो आणि बागेला तिकीट लागत नाही. फेरी संपल्यावर गटाबरोबर लगेच खाली उतरू नका. परतीचं बेर्गबानचं तिकीट जपून ठेवा आणि आधी बागेकडे वळा.